नॉर्वेंतील एका शेतघरीं

गेल्या ऑक्टोबर महिन्यांत आमचा मुक्काम पुतण्याकडे बर्गन येथें आठ दिवस होता. त्यांपैकीं सहा दिवस पावसानें आम्हांस घराबाहेर पडूं दिलें नाहीं. कोंकणांत जन्म गेल्यामुळें पावसाचें भय असें आम्हांस नाहीं; परंतु आमच्याकडचा पाऊस कोसळतो आणि मोकळा होतो, बर्गनचा मात्र ओटीवर ठाण मांडून बसलेल्या पाहुण्याप्रमाणें उठण्याचें नांवच घेत नाहीं. सातव्या दिवशीं, शनिवारीं, पहांटेची आगगाडी धरून आम्ही उभयतां पुतण्यासह व्हॉस या गांवीं निघालों. हा लोहमार्ग १८८३ सालीं प्रथम व्हॉसपर्यंतच झाला आणि पुढें १९०९ मध्यें डोंगर ओलांडून राजधानीस जोडला गेला. अंतर सुमारें पंचाऐंशी किलोमीटर व प्रवास सवा तासाचा. एका बाजूस सरळ उभे कातळ, दुसऱ्या बाजूस डोंगरांत शिरलेल्या खाडीचें काळेंशार पाणी, आणि मध्येंमध्यें बोगदे. कसारा घाट ज्यांनीं पावसाळ्यांत पाहिला आहे त्यांनीं त्याच्या पायथ्याशीं समुद्र आणून ठेवावा, म्हणजे या वाटेची कल्पना येईल.

व्हॉस हें गांव व्हांग्सव्हात्नेत नांवाच्या सरोवराच्या कांठीं वसलेलें आहे. गांवाच्या मध्यभागीं १२७७ च्या सुमारास पुरें झालेलें दगडी देऊळ, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. १९४० च्या एप्रिलमध्यें जर्मन विमानांनीं या गांवावर बाँब टाकून त्याचा मध्यभाग बेचिराख केला. हें जुनें मंदिर तेवढें बचावलें. त्यामुळें सातशें वर्षांपूर्वींच्या भिंतीसभोंवतीं सगळीं घरें मात्र अगदीं अलीकडचीं, असा विचित्र देखावा येथें दिसतो. परंतु आम्ही मंदिर पाहण्यासाठीं गेलों नव्हतों. पुतण्याच्या कचेरींतील एका स्नेह्याचें वडिलार्जित शेतघर सरोवराच्या वरच्या उतारावर आहे, आणि त्या दिवशीं तेथें नाताळासाठीं घरची बिअर करावयाची होती.

येथवर वाचून आमच्या कांहीं वाचकांनीं भुंवया चढविल्या असतील. त्यांची समजूत प्रथमच घालावयास हवी. आम्ही मद्य घेत नाहीं आणि या लेखांत त्याची तरफदारीहि करावयाची नाहीं. बिअर करण्याच्या कृतीचा पहिला अर्धा भाग म्हणजे मोड आणून वाळविलेल्या जवापासून, ज्यास माल्ट म्हणतात त्यापासून, गोड रस काढणें. या रसास वर्ट असें नांव आहे, आणि त्यांत मद्याचा लवलेशहि नसतो. तो पुढें विरजतो तेव्हां त्याची बिअर होते. आमचें कुतूहल विरजण पडेपर्यंतचें. आणि सांगावयास आनंद वाटतो कीं, खरी मेहनत, खरें शहाणपण व खरी फजीति हीं तिन्ही विरजणाच्या अलीकडेच असतात.

शिवाय या देशांत हा प्रकार केवळ चैनीचा नव्हता. पश्चिम नॉर्वेंत मध्ययुगांत जो गुलाटिंग कायदा चालत असे, त्याअन्वयें शेतकऱ्यानें ठराविक सणांस घरीं बिअर केलीच पाहिजे असा दंडक होता. न केल्यास दंड, आणि सतत तीन वर्षें चुकविल्यास मालमत्तेवर गदा. आपल्याकडे नैवेद्य चुकला म्हणून कोणी जप्ती आणल्याचें ऐकिवांत नाहीं! आजहि स्वतःच्या घरापुरती बिअर करण्यास तेथें परवानगी आहे; ती विकतां मात्र येत नाहीं, आणि घरीं दारू गाळणें हा तर गुन्हाच आहे.

यजमान चाळिशींतले, व्यवसायानें इंजिनियर. त्यांनीं आम्हांस अंगणाच्या कडेच्या एका वेगळ्या लांकडी खोपटांत नेलें. त्यास एल्दहूस, म्हणजे अग्निगृह, म्हणतात; पूर्वीं भाकरी भाजणें, मांस धुरावणें व बिअर करणें हीं कामें राहत्या घरास आग लागूं नये म्हणून अशा खोपटांतच होत असत. आंत दीडशें लिटरांची तांब्याची काहील चुलाणावर चढविलेली, खालीं लांकडें ढणढणत होतीं, आणि काहिलींतल्या पाण्यांत हिरव्या कांटेरी फांद्या उकळत होत्या. वास सुरेख, किंचित् कापराकडे झुकणारा. ही जुनिपर, आपल्या वैद्यांची जी हपुषा तीच. या भागांत बिअरकरितां साधें पाणी वापरीत नाहींत, जुनिपरचा काढा वापरतात.

चुलाणाजवळ बसून यजमानांनीं आपली अडचण सांगितली, आणि तेव्हां कोठें आमच्या ध्यानांत आलें कीं आपण सहलीस आलों नसून एका परीक्षेस बसलों आहों. बिअर दरवर्षीं त्यांचे वडील करीत. ते गेल्या हिवाळ्यांत वारले. वडिलांशिवायचा हा पहिलाच नाताळ, आणि घरची बिअर मुलानें करावयाची असें आईनें ठरविलें. तीन आठवड्यांपूर्वीं त्यांनीं एकट्यानें प्रयत्न केला तो साफ फसला. रस गाळतांना पिंप तुंबलें, रात्रभर थेंब थेंब गळत राहिलें, तोंवर सगळें निवून आंबूस झालें. जें हातीं लागलें तें गढूळ व पातळ. तेंहि कोणी सोशिकपणें पचविलें असतें, पण गोष्ट विरजणाची होती.

व्हॉसमध्यें बिअर करणाऱ्या कांहीं घरीं स्वतःचें विरजण असतें. त्यास क्वेइक म्हणतात. चूल पेटविणें या अर्थाच्या तिकडच्या क्रियापदाशीं या शब्दाचें नातें आहे. बिअर झाली कीं तळाचा किंवा वरचा साका काढून वाळवितात आणि पुढच्या खेपेस तोच घालतात. पूर्वीं तो लांकडी कड्यांच्या माळेवर अगर भोंकें पाडलेल्या ओंडक्यावर सुकवीत. आतां कागदावर सुकवून शीतपेटींत ठेवितात. २०१८ सालीं शास्त्रज्ञांनीं अशा अनेक विरजणांची जनुकीय तपासणी करून तीं बाजारी यीस्टपासून वेगळ्या कुळाचीं असल्याचें दाखविलें. आपल्या घरच्या दह्याच्या विरजणाचा अभिमान बाळगणाऱ्या आजीबाईंस हें सांगावयास कोणी शास्त्रज्ञ लागला नसता! असो. वडिलांनीं ठेविलेल्या विरजणाच्या दोन पुड्या होत्या. एक त्या फसलेल्या खेपेंत गेली, आणि आंबूस रसांत पडल्यामुळें तिच्यापासून पुढें कांहीं राखण्यास यजमान धजले नाहींत. आतां एक पुडी उरली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून विरजण मागून आणण्याची चाल तिकडेहि आहे; तें मिळालें असतें; पण तें शेजाऱ्यांचें असतें.

"काकू, तुम्ही जरा तें पीठ पाहा," पुतण्या सौ.स म्हणाला. मागच्या खेपेचें थोडें दळलेलें माल्ट कोंपऱ्यांत पोत्यांत होतें. सौ.नीं मूठभर घेऊन बोटांनीं चोळलें आणि म्हणाल्या, "अरे, ही तर भाजणी झाली. याची लापशी होईल, गाळायचें कसें?"

प्रकार असा होता कीं, यजमानांनीं नवी विजेची चक्की आणली होती, आणि दळण जितकें बारीक तितका रस अधिक, असें कोठेंसें वाचून दोन रुळांमधील अंतर अगदीं कमी ठेविलें होतें. वाचलेलें खोटें नव्हतें, अर्धवट होतें. बारीक पिठांतील साखर लवकर सुटते हें खरें. परंतु जवाचें टरफल हीच गाळणी आहे. टरफलें अखंड राहिलीं तर चोथ्याचा थर सैल बसतो व त्यांतून रस वाट काढतो. त्यांचाहि भुगा झाला कीं थर चिखलासारखा बसतो. उरलेलें तीस किलो माल्ट या वेळीं यजमानांनीं रुळांत सव्वा मिलीमीटर अंतर ठेवून दळावयास घेतलें. तेव्हां सौ.नीं विचारलें कीं, याला पाण्याचा हात लावावयाचा नाहीं काय? आपल्याकडे रव्यासाठीं गहूं ओलवून घेतात, म्हणजे कोंडा चिवट होतो व सबंध सुटतो. पुतण्यानें हें भाषांतर करून सांगतांच यजमान थबकले, मग हंसले. मोठ्या कारखान्यांत कित्येक ठिकाणीं हेंच करतात, वजनाच्या शेंकडा दोनपर्यंत पाणी शिंपडतात, हें त्यांना ठाऊक होतें, पण घरीं करावें हें सुचलें नव्हतें. तीस किलोंस सहाशें ग्रॅम पाणी शिंपडून, हातानें कालवून, दहा मिनिटें झांकून ठेविलें. दळण पडूं लागलें तें टरफलें जवळजवळ सबंध व आंतला दाणा चार-पांच तुकड्यांचा, असें.

येथें माल्टचें मर्म सांगणें अवश्य आहे. नाचणीचें सत्त्व करणाऱ्या गृहिणीस तें अर्धें ठाऊकच असतें. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली कीं तिच्या पेजेला बिनमोडाच्या नाचणीसारखा घट्टपणा येत नाहीं, ती पातळ व गोडसर राहते. कारण मोड येतांना दाण्यांत पिष्टाची साखर करणारीं द्रव्यें उत्पन्न होतात. हीं द्रव्यें माल्टमधून प्रथम वेगळीं काढलीं तीं पॅरिस येथें पायें व पर्सो या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं, १८३३ सालीं. जवांत यांतील प्रमुख दोन आहेत. एकास साठ ते पासष्ट अंश सेंटिग्रेड उष्णता मानवते, दुसऱ्यास सत्तरीच्या आसपासची. ऐंशीच्या घरांत दोघेंहि मरतात. सदुसष्ट अंशांवर दोघांचा संसार बरा चालतो. म्हणून दळलेलें माल्ट व जुनिपरचें ऊन पाणी एकत्र कालवून तें मिश्रण सदुसष्ट अंशांवर तास-दीड तास ठेवावयाचें; यास मॅश म्हणतात. मागील खेपेस यजमानांनीं उष्णतामापक वरच्यावर बुडवून पाहिला होता. या खेपेस मोठ्या लांकडी उलथन्यानें तळापासून ढवळून तीन ठिकाणीं पाहिला, तों कडेस चौसष्ट आणि मध्यें एकाहत्तर! गुठळ्याहि निघाल्या, प्रत्येकींत कोरडें पीठ. कोरड्या पिठांतून साखर कोठून यावी? लाडवाच्या पाकांत रवा टाकतांना जो हात लागतो तोच येथें लागतो, आणि तो हात शिकण्यास इंजिनियरिंगचा उपयोग होत नाहीं.

पाण्याविषयींहि एक शब्द. व्हॉसचें पाणी कठीण खडकांवरून येणारें, अतिशय मृदु. क्षार जवळजवळ नाहींत. मॅशची आम्लता एका विशिष्ट बेताची, म्हणजे पी-एच. ५.२ ते ५.६ या दरम्यान असली म्हणजे साखर नीट होते व रस निवळ येतो. गंमत अशी कीं, सर्व जगाच्या प्रयोगशाळांत वापरलें जाणारें हें पी-एच. चें मापहि बिअरच्याच आश्रयानें जन्मलें. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेन्सन या शास्त्रज्ञानें १९०९ मध्यें तें सुरू केलें. यजमानांनीं कागदी पट्टी बुडविली, ५.४ आलें. वडील दरवेळीं मॅशमध्यें चमचाभर जिप्सम टाकीत; कां, हें त्यांनीं कधीं सांगितलें नव्हतें. जिप्सममधील चुन्याच्या अंशामुळें आम्लता किंचित् वाढते व पुढें उकळतांना गाळ लवकर गोळा होतो. मुलानेंहि चमचाभर टाकलें.

दीड तासानें पांढऱ्या बशींत मॅशचा एक थेंब घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब सोडला. निळा-काळा रंग आला असता तर पिष्ट शिल्लक आहे असें ठरलें असतें. तो आला नाहीं. थेंब पिवळा तो पिवळाच राहिला.

आतां गाळणें. याकरितां वेगळें लांकडी पिंप असतें, बुडाशीं तोटी. तळाशीं जुनिपरच्या फांद्या उलटसुलट अंथरल्या. एरंडाचीं पानें घालून आंब्याची अढी लावतात तशा. त्यांवर मॅश अलगद ओतला. अलगद एवढ्यासाठीं कीं धबाधबा ओतल्यास थर एका बाजूस दाबला जातो. वीस मिनिटें पिंपास कोणी हात लावला नाहीं. मग तोटी किंचित् सोडली. पहिला रस आला तो ताकासारखा गढूळ. तो टाकावयाचा नाहीं, पुन्हां वरून ओतावयाचा. पण तोहि पसरट पळी धरून तिच्यावरून, म्हणजे थराला खड्डा पडत नाहीं. दोन, चार, सहा लिटर असें फिरवीत गेल्यावर दहाव्या लिटराच्या सुमारास कांचेच्या पेल्यांतून पलीकडची खिडकी दिसूं लागली. रंग काकवीच्या वरच्या निवळीसारखा. चोथ्यानेंच रस गाळला होता. फडकें नाहीं, कापूस नाहीं. आम्हांस पेला मिळाला. चव म्हणाल तर नाचणीच्या सत्त्वांत चांगला गूळ व वर रानाचा वास. आम्ही दुसराहि पेला घेतला, हें कबूल करतों.

पुतण्यानें याच रसांतून लिटरभर घेऊन, पाण्यानें सौम्य करून, कोमट केला, आणि यजमानांनीं ती शेवटची पुडी उघडली. आंत राखट-पिवळे, अभ्रकासारखे ठिसूळ पापुद्रे. निम्मे राखून ठेवावे काय यावर मायलेकांचें थोडें बोलणें झालें. भाषा कळली नाहीं, पण म्हाताऱ्या बाईनें स्वतःच सबंध पुडी बरणींत झटकली. बरणी चुलाणाजवळ ठेविली. वेळ साडेअकराची.

पुढले साडेतीन तास तोटीची धार पाहण्यांत गेले. ती धार दाभणाइतकी बारीक ठेवावयाची आणि वरून जुनिपरचें ऊन पाणी तितक्याच गतीनें सोडावयाचें, म्हणजे चोथ्यांत अडकलेली साखर धुवून निघते. पाण्याची उष्णता पंचाहत्तरच्या आसपास. त्याहून फार तापलें कीं टरफलांतील तुरट द्रव्य सुटतें. सगळा खेळ सावकाशीचा. दुपारीं यजमानांचा धीर सुटला. चार तास उकळी शिल्लक होती, दिवस आंखूड होते, आणि मागच्या रात्रीची आठवण ताजी होती. त्यांनीं तोटी पुरती उघडली. धार क्षणभर जोरांत आली, मग करंगळीएवढी, मग नुसतें टपटप, आणि मग तेंहि नाहीं. खोपटांत कोणी बोलेना. रस झपाट्यानें खालीं ओढला गेला म्हणजे वरचा थर त्याबरोबर दाबला जाऊन घट्ट बसतो; घाई केली तेथेंच वाट बंद होते. यजमानांचा चेहरा पाहवत नव्हता.

त्यांची आई बाहेरून आली, पिंपांत डोकावली, भिंतीवरचें वडिलांचें लांकडी उलथनें काढून मुलाच्या हातीं दिलें व आपल्या करंगळीचें एक पेर दाखवून कांहीं सांगितलें. पुतण्यानें नंतर अर्थ सांगितला: उलथन्यावर वडिलांनीं चाकूनें एक खूण केली होती, त्या खुणेपर्यंतच तें चोथ्यांत घालावयाचें, खालीं नाहीं. यजमानांनीं तोटी बंद केली, ऊन पाणी वर दोन बोटें चढविलें, आणि वरचा थर तेवढा त्या खुणेपर्यंत हळूहळू चिरला, जसे वडीच्या थापीवर काप पाडावे तसे. तळच्या फांद्यांस धक्का नाहीं. पंधरा मिनिटें थांबून पुन्हां दाभणाएवढी धार सोडली. गढूळ आली, तीन लिटर परत फिरविले, निवळली. मग तोटीस कोणीहि हात लावला नाहीं.

आमच्याकडे साखर कारखान्यांत उंसाचा उतारा मोजतात, तसा माल्टचाहि मोजतां येतो, आणि गणित सोपें आहे. कांचेचा हायड्रोमीटर साध्या पाण्यांत १.००० दाखवितो, रसांत १.०८४ दाखविला तर त्यास ८४ अंश म्हणूं. अंश गुणिले लिटर. चांगल्या माल्टच्या एका किलोंतून असे जास्तींत जास्त सुमारें तीनशें निघूं शकतात; तीस किलोंतून नऊ हजार. मागच्या खेपेस यजमानांच्या हातीं उकळून साठ लिटर रस ६८ अंशांचा लागला होता, म्हणजे ४,०८०. उतारा शेंकडा पंचेचाळीस. हें मोजमाप बिअर करणाऱ्यांत रूढ झालें तें जॉन रिचर्डसन या इंग्रजाच्या १७८४ च्या ग्रंथापासून. वडिलांजवळ असलें कांहीं नव्हतें. ते दोन बोटांत रस धरून चिकट पाहत, आपण एकतारी पाक पाहतों तसें.

तीन वाजतां तोटीखालचा रस दहा अंशांवर आला. पुतण्या आंकडे मांडीत होता; अजून पाणी सोडलें तर आणखी कित्येक अंश पदरांत पडतील असें त्याचें म्हणणें. आम्हांसहि तें पटलें, कारण टाकून देणें आमच्या रक्तांत नाहीं. यजमानांनीं उत्तर न देतां शेवटच्या धारेचा पेला आमच्यापुढें केला. पातळ, गोडी नांवाला, आणि जिभेवर उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहाची तुरटी. सौ. म्हणाल्या, "कुरडयांचा गहूं आमच्या आजी दोनदां पिळीत, पण दुसऱ्या पिळण्याचा चीक पहिल्यांत कधीं मिसळीत नसत." तोटी बंद झाली. चोथा शेजारच्या गुरांस आंबोण म्हणून गेला. अंगणांत पाटी पोंचण्यापूर्वींच एक गाय हंबरूं लागली, तेव्हां तिला ही वेळ ठाऊक असावी.

एकशेंवीस लिटर रस काहिलींत चढला. व्हॉसची रीत चार तास उकळण्याची. ज्यांनीं कोल्हापूरकडचें गुऱ्हाळ पाहिलें आहे त्यांस येथें नवें कांहीं नाहीं: तीच काहील, तीच मळी वर येणें, तेंच झाऱ्यानें काढणें. गुऱ्हाळांत भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी गोळा करतात. कित्येक बिअर करणारे त्याच कामीं एक समुद्रशेवाळ वापरतात, जसें आपण गढूळ पाण्यांत निवळीचें बी उगाळतों. या घरीं तें वापरीत नाहींत. उकळी खळखळून फुटली कीं रसांतील प्रथिनें नासलेल्या दुधाप्रमाणें फाटून शकलें होतात, व रस थंड करतांना तीं तळाशीं बसतात. मात्र गाळतांना जें पीठ रसांत उतरलें, तें उकळीनें निवळत नाहीं. पिष्टाचा गढूळपणा अखेरपर्यंत तसाच राहतो. म्हणूनच तोटीपाशीं केलेली घाई पुढें कशानेंहि भरून येत नाहीं. येथें आम्हांस एक शंका होती ती विचारली: रस जितका आरशासारखा तितका उत्तम काय? यजमान म्हणाले, नाहीं. उकळीचा थोडासा साका विरजणास पोषक असतो, पार काढून टाकण्याचा सोस धरूं नये. पीठ नको, साका थोडा चालेल, असा हा विवेक.

संध्याकाळीं सात वाजतां चूल विझविली. तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यांतून झऱ्याचें गार पाणी सोडून रस एकोणचाळीस अंशांवर आणला. बहुतेक यीस्टला इतकी उष्णता सोसत नाहीं. या घरगुती विरजणास ती हवी असते. मोजलें: ऐंशी लिटर, ८४ अंश. ६,७२०, उतारा शेंकडा पंचाहत्तर. पुतण्यानें कागद उंच धरून दाखविला. यजमानांनीं कागदाकडे पाहिलेंहि नाहीं, ते बरणीकडे पाहत होते.

बरणींतला रस दुपारीं तीनपर्यंत शांत होता, हें आम्ही मुद्दामच वर लिहिलें नाहीं. त्या वेळीं कोणी त्याविषयीं बोलत नव्हतें. चारच्या सुमारास कांचेच्या कडेस एक बुडबुडा, मग मोत्यांच्या सरासारखी रांग, आणि आतां सात वाजतां वर दोन बोटें फेंस चढून तो झांकण उचलीत होता. विरजण ओततांना घरच्या सगळ्यांनीं मोठ्यानें आरोळी ठोकावी अशी तिकडची जुनी चाल आहे, म्हणजे विरजण जोरानें कामास लागतें. बरणी उपडी करतांना यजमान ओरडले, पण आवाज मध्येंच चिरकला. आई मात्र अशी ओरडली कीं गाय पुन्हां हंबरली. सौ.नींहि ओरडून घेतलें. आमचा अभ्यास, वर कबूल केल्याप्रमाणें, येथें संपला.

रविवारीं सकाळीं निघण्यापूर्वीं पिंपावरचें जाड फडकें उचलून आम्हांस आंत दाखविलें. बदामी फेंसाची साय वीतभर चढली होती, आणि कान लावला तर पावसाच्या सरीसारखा बारीक आवाज येत होता. बाहेर ऊन होतें.

डिसेंबरमध्यें पुतण्याचा निरोप आला. बिअर नाताळास पुरली; नितळ होती असें तो म्हणतो. साका वाळवून पांच पुड्या झाल्या. त्यांतील दोन शेजाऱ्यांच्या शीतपेटींत ठेविल्या आहेत, व एकीवर यजमानांच्या आईनें तारीख घालून वडिलांचें नांव लिहिलें आहे.